गप्पा मारता येतील इतक्या वेगाने

थंडी आली की आमच्या निगडी प्राधिकरणात ती आधी कानाला कळते. एरवी महामार्गावरच्या ट्रेलरची घरघर चौकापाशीच विरून जाते. थंडीत मात्र ती बंगल्यांच्या रांगा ओलांडून थेट आमच्या खिडकीपर्यंत येते. मग मी उठते आणि गॅलरीत जाते. खाली वॉचमनच्या शेकोटीचा धूर सरळ वर चढत असतो. हवा नाकात बारीक टोचते आणि माझ्या पोटऱ्या न सांगता जाग्या होतात.

यंदाही तसंच झालं. ह्यांनी पांघरुणातूनच विचारलं, "आली का गं तुझी थंडी?" माहेरून कुणी आल्यासारखं.

आता त्या थंडीत मैदानावर माझी वाट बघत माणसं उभी असतात. सगळी चाळिशीच्या पुढची. कुणी कानटोपी घातलेली, कुणी मुलाचा जुना जर्किन चढवलेला. पोचल्याबरोबर "गुड मॉर्निंग कोच" म्हणतात. कोच हा शब्द अजून माझ्या अंगाला सैल होतो. मी लातूरजवळच्या औशाची, लग्न होऊन निगडीला आलेली, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर केस पिकवलेली बाई. शाळेत असताना खेळाच्या तासाला मी बाकी मुलींच्या चपला सांभाळत बसायची. मला कोच केलं ते एका हिवाळ्याने आणि एका बाईने. पण त्याच्या आधी बस येते.

कंपनीची बस चौकात क्षणभर थांबायची. त्या दिवशी डबा भरण्यात उशीर झाला आणि मी कोपऱ्यावरून वळले तेव्हा बस हलली होती. पळाले. जेमतेम चार दुकानांएवढं अंतर असेल, पण बसच्या पायरीवर चढले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सावकाश. या वयात कशाला पळायचं?" सगळी बस हसली. मीही हसले. पंचेचाळीस वर्षंही पूर्ण व्हायची होती माझी. चाकण येईपर्यंत छाती धडधडत होती आणि ते दोन शब्द डोक्यात घुमत होते. या वयात. म्हणजे कोणत्या वयात? आणि हे वय सुरू झालं कधी, मला न सांगता?

दुसऱ्या दिवशीपासून मी लवकर उठून बाहेर पडायला लागले.

सुरुवातीची दोन वर्षं मी रोज बस सुटल्यासारखीच पळायची. जीव खाऊन. परत आले की जिन्यात बसून राहायची. त्याचं फळ म्हणून नडगीचं दुखणं मागे लागलं. डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं, मी हट्टाने हळू करून टाकलं. तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या एक रिटायर्ड बाई फिरायला यायच्या. त्यांच्याबरोबर मी दुडक्या चालीने जायची, त्या भराभर चालायच्या आणि आमच्या गप्पा चालायच्या. सुनांच्या, भाजीच्या, पाण्याच्या टँकरच्या. एक दिवस लक्षात आलं की आपण बोलता बोलता पार रावेतच्या पुलापर्यंत आलो आहोत आणि आपल्याला धाप लागलेली नाही. खाली पवनेवर धुकं होतं. मी कठड्याला हात टेकून उभी राहिले आणि मला एखादं कुलूप उघडल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मी बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळाले. वेगाचा दिवस आठवड्यातून एखादाच. आणि गंमत अशी की पन्नाशी ओलांडल्यावर मी आधीपेक्षा जोरात पळायला लागले. लोकांना ते खरं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. तरुण शरीर मागितलं की लगेच देतं. वय झालेलं शरीर आधी तुमच्याकडे बघून घेतं. ही बाई उद्याही येणार आहे का, परवाही येणार आहे का, ह्याची खात्री करून घेतं. एकदा त्याचा विश्वास बसला की मात्र हात आखडत नाही.

तेव्हा कंपनीत मंदा माझ्याच टेबलावर समोरच्या खुर्चीत बसायची. चाकणच्या पलीकडच्या एका गावातली. घरची थोडी शेती अजून शिल्लक, बाकीच्या जमिनीवर कारखाने. नवरा दत्ता एका गोदामात कामाला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, हसायला मोठी. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, किमो झाली आणि बऱ्याच महिन्यांनी ती कामावर परत आली. केस नुकते उगवलेले, लहान पोरासारखे. सगळ्यांनी तिला जपायचं ठरवलं. सुपरवायझर तिला हलका ट्रे द्यायचे. कुणी तिच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली. कॅन्टीनमध्ये ती आली की टेबलावरचे आवाज खाली यायचे.

दिवाळी होऊन हवेत गारवा आला होता. जेवताना ती एकदम म्हणाली, "ताई, मला पळायला शिकवा."

माझा घास हातातच राहिला. "आधी चालायला लाग की."

"चालते ना. अंगनातल्या अंगनात. म्होरं मालक, मागं सासू. जनू देवाची पालखीच चाललीय."

मी हसले. ती हसली नाही.

"ताई, मला कुनी रागावतच न्हाई आता. परवा दूध उतू गेलं. पार शेगडी भरली. सासूबाई म्हनल्या, असू दे गं बाई, तू बस. आधी हीच सासू आख्खी आळी डोक्यावर घ्यायची. मी मेले न्हाई ताई, पन ह्यांनी मला आत्तापासनंच फोटोत लावलंय." तिने पोळीचा तुकडा मोडला. "शहरात जानेवारीत दहा किलोमीटरची हाय म्हनं स्पर्धा. मला ती पळायचीय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हळूहळू वाढवा म्हनले. आता हळूचं तर काय, आमचं नावच मंदा."

मी हो म्हटलं. शिकवायचं म्हणजे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. स्वतः पळणं वेगळं. आपल्या धापेचा अर्थ आपल्याला आतून कळतो. दुसऱ्याची धाप बाहेरून वाचायची कशी?

रविवारी दत्ताभाऊजी तिला मोटरसायकलवर निगडीला घेऊन यायचे आणि टपरीवर चहा घेत बसायचे. त्यांची नजर आमच्यावरून हलायची नाही. पहिल्या दिवशी मंदा रस्त्याकडेच्या दुसऱ्या गुलमोहरापर्यंत पळाली आणि खोडाला धरून उभी राहिली. तिसऱ्यापर्यंत जायला तिला कितीतरी दिवस लागले. मधल्या दिवसांत ती गावाकडच्या रस्त्याने, कांद्याच्या वावरांमधून एकटी जायची आणि कंपनीत आली की हातातला भाग तपासता तपासता मला खबर द्यायची. आज विहिरीपर्यंत. आज पोल्ट्रीपर्यंत. आज कुत्रं मागं लागलं म्हणून जरा जास्तच.

तिची धाप वाचायची युक्ती मला एका रविवारी सापडली. मी म्हटलं, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"मासवडी कशी करतेस सांग."

ती सुरू झाली. तीळ, खोबरं, कांदा, लसूण. पळता पळता तिने सारण भाजलं, बेसन घोटलं, ओल्या फडक्यावर थापलं आणि वडी वळताना तिचे शब्द तुटायला लागले. म्हणजे वेग जास्त होता. पुढच्या रविवारी आम्ही वेग कमी केला, तेव्हा वड्या कापूनही झाल्या. डिसेंबर लागेपर्यंत रस्सा उकळून पंगत बसायला लागली होती. आजही मी माझ्या लोकांना असंच बोलतं करते. एकजण घराचं बांधकाम सांगतात, एक बाई नणंदेची गाऱ्हाणी सांगतात. नणंदेची गाऱ्हाणी लांबच्या अंतरासाठी फार चांगली.

पण तोवर माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. मंदाच्या मात्र ती आली.

रावेतच्या बाजूला, त्या टपरीच्या जरा पुढे, एक चढ आहे. गाडीत बसलेल्याला तो जाणवतही नाही, पळणाऱ्याला मात्र जन्मभर आठवतो. त्या चढावर मंदाचा चेहरा जरा लाल झाला की मी म्हणायची, "बस, आता चाल." ती चालायची. दर वेळी. एक दिवस ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "तुमीबी त्यांच्यातल्याच निघाला." आणि सरळ टपरीकडे गेली, मोटरसायकलवर बसली, गेली.

आठवडाभर टेबलावर आमच्या दोघींच्या मध्ये फक्त भागांचा खणखणाट होता.

मला तिचा राग आला. मग माझाच आला. मी तिला पळवत नव्हते, मी तिला सांभाळत होते. मला भीती होती, आणि माझी भीती मी तिच्या पायांत घालत होते. शेवटी मी म्हटलं, "तुझ्या तपासणीला मी बरोबर येते." ती नुसती मानेने हो म्हणाली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. मी त्यांना विचारलं, हिला किती ताण द्यायचा? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट सांगितलं. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय त्या हाताला सूज आली, चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथल्या तिथे थांबायचं. "आणि नुसती धाप लागली तर?" मंदाने विचारलं. त्या म्हणाल्या, "तर ती धाप आहे. सगळ्यांना लागते."

मंदाने माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घालून पर्सची चेन लावत बसले.

पुढचा रविवार कडक थंडीचा होता. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. चढ आला, मंदाचा वेग पडला, तिने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी "चाल" म्हणेन ह्याची वाट बघत होती. आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी औशाची भाषा बाहेर पडली.

"काय करायलीस गं? पळायलीस का मिरवायलीस? खांदे सोड! पाय उचल! वर बघ वर!"

रस्त्यावरून जाणारा दूधवाला दचकून थांबला. टपरीवरून दत्ताभाऊजी हातातला चहा टाकून धावत आले. "ताई, जरा बेतानं घ्या! तिचं काय झालंय ठावं हाय ना तुमाला?"

"ठाऊक आहे, भाऊजी," मी म्हटलं. "म्हणूनच."

मंदा तोवर चढाच्या माथ्यावर पोचली होती. गुडघ्यांवर हात ठेवून वाकून हसत होती. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी आणि हसू थांबत नव्हतं. "आत्ता," ती म्हणाली, "आत्ता कसं बरं वाटलं!"

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण हे काम करू शकू.

स्पर्धेच्या दिवशी मीही पळणार होते, एकवीस किलोमीटर. मी मंदाला म्हटलं, मी माझी सोडते, तुझ्याबरोबर येते. तिने ठाम नकार दिला. "तुमी तुमचं पळा. बरोबर आला तर सगळे म्हनतील ताईनं नेलं."

तेव्हा मी माझं पळाले. अंधार फिटत होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढोल वाजत होते. त्या सकाळी माझे पाय इतके हलके होते की मलाच नवल वाटत होतं. शेवटच्या टप्प्यात मी माझ्याहून निम्म्या वयाच्या दोन मुलींना मागे टाकलं आणि त्यातली एक ओरडली, "मावशी, भारीच!" तोवरच्या सगळ्या स्पर्धांमधली ती माझी सर्वांत वेगवान धाव होती. गळ्यात पदक पडलं आणि मी मंदाला शोधायला लागले.

ती शेवटच्या कमानीजवळ फुटपाथच्या कडेला बसली होती. अंगावर शाल. ऑपरेशनच्या बाजूचा हात मांडीवर उताणा ठेवलेला, मनगटापासून कोपरापर्यंत टरारून सुजलेला. बोटातली अंगठी रुतली होती. शेवटचे तीन किलोमीटर राहिले असताना ती थांबली होती आणि भाऊजींनी तिला इथवर आणलं होतं.

दत्ताभाऊजी मला बघताच उठले. आजूबाजूला गर्दी होती, पण त्यांना कशाचं भान नव्हतं. "झालं समाधान? घाला आनखी एक पदक गळ्यात! माझ्या बायकोचा हात बघा! तुमाला काय, तुमी पळून मोकळ्या!"

घामाने भिजलेले कपडे एकदम गार लागायला लागले.

"ओ," मंदा खालूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "त्यांना कशापायी बोलता? हात जड झाला म्हनून मी थांबले. मला कुनी थांबवलं न्हाई. मला कळलं, मी थांबले. हेच शिकले मी त्यांच्याकडं."

भाऊजींनी तिच्या खांद्यावरची शाल सावरली. पण त्यांना पटलं नव्हतं. ते तिला घेऊन गेले. घरी येऊन मी पदक टेबलावर ठेवलं आणि अंघोळीला न जाता तशीच बसून राहिले. हे म्हणाले, "अगं, तुझी आजवरची सगळ्यात चांगली धाव ना?" मी हो म्हटलं. मनाशी ठरवून टाकलं की आता आपण आपलं पळायचं, दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचं नाही.

काही दिवसांनी मंदा कामावर आली ती हातावर सूज दाबून धरणारी घट्ट बाही चढवून. खुर्चीवर बसली, उशी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हनल्या ही बाही घालून पळायचं. आदीच घालायला पायजे हुती म्हनं. रविवारी किती वाजता?"

"मंदा, मी आता..."

"किती वाजता, ताई?"

माझा सगळा निश्चय तिच्या त्या प्रश्नापुढे उभा राहू शकला नाही. मी म्हटलं, "पहिल्यापासून सुरू करायचं. दुसऱ्या गुलमोहरापासून. कबूल?"

"कबूल."

आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. मी घाई केली नाही, तिला करू दिली नाही, आणि जिथे ओरडायचं तिथे ओरडले. कधी कधी नवीन माणसं मला विचारतात, कोच होण्यासाठी कोणता कोर्स केला? केला, नंतर एक कोर्सही केला. त्यात हाडांची, स्नायूंची नावं शिकले. पण माणूस पडल्यावर त्याला परत दुसऱ्या गुलमोहरापासून सुरू करायला लावायचं आणि त्याला त्याची लाज वाटू द्यायची नाही, हे मला त्या जानेवारीने शिकवलं.

फेब्रुवारी संपता संपता थंडी पातळ झाली. एका रविवारी निगडीच्या स्टँडवरून पहिली बस पकडून मी मंदाच्या गावी गेले. तिने ठरवलं होतं की दहा किलोमीटर तिथेच पळायचे, गावच्या वेशीपासून कालव्याच्या पलीकडच्या फाट्यापर्यंत आणि परत. ना कमान, ना ढोल, ना पदक. अंतर दत्ताभाऊजींनी मोटरसायकलवर मोजून ठेवलं होतं. ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

मंदा निघाली. एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला पिवळी पडायला आलेली कांद्याची पात. भिंतीच्या टोकाला ती वळली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही दोघं वेशीपाशी उभे राहिलो. वावरातल्या बायका काम थांबवून बघत होत्या. ऊन चढत होतं. कोच झाल्यावर मला कळलं की या कामात पळण्यापेक्षा वाट बघणं जास्त असतं, आणि वाट बघायला पायांपेक्षा जास्त बळ लागतं.

"ताई," बऱ्याच वेळाने भाऊजी म्हणाले. ते रस्त्याकडेच बघत होते. "किमोच्या टायमाला ती आत असायची अन् मी भाईर बाकड्यावर. आत काय चाललंय ते कळायचं न्हाई. नुसतं बसून ऱ्हायचं. त्या दिवशी स्पर्धेला तसंच झालं बघा. म्हनून बोललो."

"मला माहिती आहे," मी म्हटलं.

"आत्ताबी तसंच हुतंय."

"मलाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग आम्ही दोघंही परत रस्त्याकडे बघायला लागलो.

भिंतीच्या टोकाला आधी एक ठिपका दिसला. मग त्याला हात फुटले, पाय फुटले. मंदा येत होती. खांदे सैल, मान वर, वेग तोच, बोलता येईल असा. वावरातली एक बाई ओरडली, "मंदे, आटप गं!" आणि मंदाने पळता पळता तिला काहीतरी फटकळ उत्तर दिलं, त्यावर सगळ्या हसल्या. भाऊजींनी रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि घाम पुसल्यासारखं केलं.

ती वेशीपाशी पोचली. मी दोन्ही हात पसरून उभी होते. तिने माझ्या एका तळहातावर टाळी दिली आणि ती थांबलीच नाही. आमच्या मधून निघून सरळ गावाच्या दुसऱ्या बाजूच्या रस्त्याला लागली.

"अगं, झालं! झालं दहा!" मी ओरडले. "मंदा, थांब!"

तिने मागे न बघता हात हलवला.

"आता वो?" भाऊजींनी विचारलं.

"आता काय," मी म्हटलं, "काढा गाडी."

आणि पायात पळायचे बूट घातलेली मी मोटरसायकलवर मागे बसून माझ्या विद्यार्थिनीला गाठायला निघाले.